शक्यता जास्त
कपाट आवरताना बैलांच्या शिंगांचे कोरे लाल गोंडे हाती लागले. परक्या देशांचे उपग्रह आपल्या उपग्रहांजवळ का सरकतात, याचे अंदाज लष्करासाठी लिहिणं ही माझी नोकरी होती. तिथं ‘नक्की’ लिहायला बंदी. खात्री असली तरी ‘शक्यता जास्त’ एवढंच. एकदा सुट्टी संपवून निघताना कुरुळीच्या फाट्यावर वडिलांनी विचारलं, “पोळ्याला येशील न्हवं?” मी सवयीनं म्हणालो, “शक्यता जास्त आहे.” पोळ्याच्या सकाळी हे गोंडे घेऊन घरी पोचलो, तर गोठा रिकामा. “आरं, मग व्हय म्हणायचं,” वडील शेजारच्या कंपनीच्या भिंतीकडे बघत म्हणाले, “मला वाटलं, येत न्हाईस. पोळा कुणासाठी करायचा? इकली बैलं.” नोकरीत माझे कितीतरी अंदाज चुकले, पोळ्याला येण्याचा तो मात्र बरोबर निघाला होता.