गाऱ्हाण्यात बोललं कोण?

माझं अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकलं असेल... सांभाळून घ्या. चौथीपर्यंत शिकले, पुढे डोक्यावर मासळीची पाटी आली. भुतंखेतं मी कधी मानली नाहीत. काळोखातून एकटी लिलावाला जायचे, कधी पाऊल अडखळलं नाही. पण ही गोष्ट भर दिवसा घडली आणि सगळ्या पेठेने ऐकली, म्हणून वहीत लिहिते. मासिकाला पाठवायचा धीर होईल की नाही, ठाऊक नाही.

साल २००५. मालवणात जेटीकडच्या जुन्या पेठेत आम्ही सातजणी मासे विकायला बसायचो. माझी जागा सासूकडून आलेली – बंद वखारीच्या भिंतीला लागून एक काळा फातर, त्यावर मासे मांडायचे. पेठ मेल्यासारखी झाली होती. दुकानांना टाळी, गिऱ्हाईक वरच्या रस्त्याला गेलेलं. मग एक शेठ आला. म्हणाला, पेठेचा कायापालट करतो – हॉटेल, पार्किंग, समुद्राकडे तोंड करून कॉम्प्लेक्स, आणि आम्हाला तळाला नळासकट पक्के गाळे. प्रत्येकीने बारा हजार ऍडव्हान्स भरायचा. मी पाटल्या विकून भरला. गाळा नसेल तर बसायलाच जागा उरणार नव्हती. पावतीवर शिक्का नव्हता, ते मला खटकलं होतं. पण चारचौघांत तोंड उघडणारी मी नव्हे.

आमच्याकडे जागेच्या राखणदाराला, म्हणजे ती जागा राखणाऱ्या देवाला, सांगितल्याशिवाय कुदळ मारत नाहीत. गाऱ्हाणं, म्हणजे त्याला मोठ्याने साकडं, घालायला पेठेतले जाणते गोविंदकाका नारळ घेऊन पुढे, पुरुष मागे, आम्ही बायका वखारीच्या सावलीत. माझा घसा तीन दिवस पार बसला होता. बोटं दाखवून भाव सांगत होते. शेजारी बसणारी शेवंता चिडवायची, "यशोदेचो रेडियो बंद पडलो. पण आदी तरी खंय वाजत होतो?"

काका म्हणाले, "हय जां काम होतला, तां सुरळीत होवंदे रे म्हाराजा."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"शेठच्या मनात जां आसा, तां पुरां कर रे म्हाराजा."

कोणी 'व्हय' म्हणायच्या आत बाईचा आवाज आला – "तेच्या मनात काय आसा, तां आदी इचारा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आवाज माझाच होता... मीही ओळखला. पण माझे ओठ मिटलेले होते. वखारीत लपून कोणी नक्कल केली असेल म्हणून कुलूप पाहिलं – गंजून एकजीव झालेलं. शेवंतावरही संशय घेतला. ती उलट म्हणते, तूच बोललीस.

मोडलेलं गाऱ्हाणं तसंच ठेवत नाहीत. जिने मोडता घातला तिचं नाव गाळ्यांच्या यादीतून काढा, मगच पुन्हा घालू, असं काकांनी सांगितलं. मी रडत हातवारे केले, नाव काढू नका. काका खाली बघत म्हणाले, "बाय माझे, आमी सगळ्यांनी आयकला गो." शेठने सहा हजार परत दिले. उरलेले "नंतर बघू" म्हणाला.

काम सुरू झालं तशी मी पेठेच्या तोंडाशी, रस्त्यावर बसायला लागले. खांब पहिल्या मजल्यापर्यंत आले आणि थांबले. आजही गंज खात उभे आहेत. एके दिवशी शेठ गाव सोडून गेला, सहाजणींचे पैसे बुडाले. शेवंता आता माझ्याशी बोलत नाही. "तुका आदीच म्हायती होता," एवढंच एकदा म्हणाली. मला काही माहीत नव्हतं. ते कोण बोललं, हे मला अजून उमगलेलं नाही.

शेठ जायच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. मागितल्याशिवाय नोटा काढल्या. मी विचारलं, आज कसे?

"रोज विचारते ती," तो म्हणाला.

"कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे, वखारीकडे बघत होता. नोटा पाटीत टाकून भरभर निघून गेला. मी ओल्या हाताने दोनदा मोजल्या. सहा हजार. माझे बारा हजार पुरे झाले.