तिरपी ताडपत्री

माधव नगरातल्या आमच्या अंगणात, दोन कडुनिंबांना बांधलेल्या झोळीत बाबा बारा महिने झोपत; देवास गेटचे ऑटोवाले सवारीला आधी ती झोळी दाखवत, मग महाकाल. झोळीत माणूस तिरपा झोपतो, म्हणून बाबांनी ताडपत्रीही तिरपी कापली होती: एक लांब कोपरा डोक्यावर, दुसरा पायांवर, उरलेले दोन तोकडे. हत्ती वाहून जातील अशा पावसात बाबा कोरडे आणि छताखाली आम्ही भिजलेले.

शहरातल्या बँकेत पहिला कॉम्प्युटर आला त्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगाला लकवा मारला. खाटेवर झोप येईना, म्हणून पुन्हा झोळीतच ठेवलं. पण आता ते दुसऱ्या बाजूला तिरपे होत आणि डोकं नेमकं तोकड्या कोपऱ्याखाली येई.

"उलटी करून बांधते, म्हणजे लांब कोपरा डोक्यावर येईल," आई म्हणाली.

"राहू दे. दिवाळीपर्यंत मी पहिल्यासारखा झोपणार आहे."

"तोवर भिजणार?"

"भिजेन."

श्रावणभर ते भिजले. खोकला छातीत उतरला. एका दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर आईने गाठी सोडून ताडपत्री उलटी बांधली. बाबा जागे झाले, वरची उलटी शिवण बघत राहिले. दिवाळीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.