पंचायतीच्या ओट्यावरचं नेट

माझ्या फोनात नेट नसतं. नसतं म्हणजे मी टाकतच नाही. बोलण्यापुरता प्याक मारायचा, नेटचं बटण कायम बंद ठेवायचं आणि फोटो पाठवायचा असला की पायात चप्पल सरकवून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जायचं. तिथं वायफाय फुकट मिळतं. बेंबळीच्या पुढं आमचं गाव, घरात रेंजसुद्धा धड येत नाही. मग नेटला पैसे घालायचे कशाला? लेक म्हणायची, "आई, लई चिंगूस हायस तू." मी म्हणायची, "तुला काय जातंय गं? पाय माझे दुखतात."

आणि मी एकटीच तसली आहे असंही नाही. सगळं गावच तसलं. सकाळी गडीमाणसं पायऱ्यांवर, आम्ही बायका लिंबाच्या बाजूला भिंतीला टेकून. कुणी सोयाबीनचा भाव बघतंय, कुणी भाच्याच्या लग्नाची पत्रिका पाठवतंय. फोटो घरूनच काढून आणायचे आणि ओट्यावर आलं की एकदम सोडायचे. फोटोखालचं घड्याळाचं चिन्ह जाऊन बरोबरची खूण उमटली की पदर झटकून उठायचं. यात कुणाला काही कमीपणा वाटत नव्हता, आणि अडतही नव्हतं.

लेक पहिलटकरीण. बाळंतपण धाराशिवच्या दवाखान्यात झालं, मुलगी झाली, आणि मी दोघींना घरी घेऊन आले. जावई पुण्याला कंपनीत. पोरीचं तोंड बघून ते कामावर परत गेले आणि तेव्हापासून त्यांचा रोजचा एकच फोन, "आई, आजचा फोटो?" आमचे मालक मेंढरं घेऊन लांब चारणीला गेलेले. घरात आम्ही दोघी आणि ती इवलीशी पोर.

न्हाऊ घालायला शेजारची म्हातारी यायची. हळद, डाळीचं पीठ आणि दुधावरची साय कालवून ती पोरीला अशी चोळायची की बघत राहावं. आमच्याकडं असंच असतं. माझी लेकही त्याच म्हातारीच्या पायावर न्हालेली. पाणी घातलं तरी हळदीची झाक अंगावर राहते, आणि तशी पिवळट पोर दुपट्यात गुंडाळली की सगळ्या म्हणतात, काय गोड दिसतंय गं. मी तसेच फोटो काढायची आणि ओट्यावर जाऊन सोडायची. जावई खूश, पुण्याची विहीणबाई खूश.

पाचवी पुजली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेक म्हणाली, "आई, पोरगी लई पिवळी दिसायलीय गं."

"हळदीनं," मी म्हटलं.

"डोळे पण पिवळे हायेत."

"हळदीचं पाणी गेलं आसंल डोळ्यात. उगं कायतरी मनात आणू नको. दूध आटंल अशानं."

लेकीनं पोरीला मांडीवर घेतलं. पण छातीशी धरलं तेव्हा मीच बघत राहिले. पोर दोनदा ओढायची आणि परत डोळे मिटायची. तळव्याला टिचकी मारली, कानाची पाळी चोळली, तेवढ्यापुरती कुरकुरायची आणि पुन्हा झोप. रात्रीपासून असंच चाललंय असं लेक म्हणाली. म्हातारी म्हणाली, "गुणाची हाय पोर, रडत न्हाय." आदल्या दिवशी हेच ऐकून मला बरं वाटलं होतं. आता तेच ऐकून मी फोन घ्यायला उठले.

दवाखान्यातल्या सिस्टरनं सुट्टी देताना नंबर दिला होता. मी अंगणाच्या कडेला जाऊन रेंज धरली आणि फोन लावला. त्या म्हणाल्या, "मावशी, बोलून काय कळणार मला? फोटो टाका." बरं झालं, म्हटलं. ओली बाळंतीण आणि एवढीशी पोर एसटीच्या वाऱ्यात न्यायची म्हणजे म्हातारीनं मला गावभर केलं असतं. फोटोवर भागतंय तर भागू दे. मी फोटो काढला, ओट्यावर गेले आणि पाठवला. सिस्टरचा लगेच फोन.

"मावशी, हे काय लावलंय अंगाला?"

"हळद."

"अहो मग मला काय दिसणार, कप्पाळ? ओल्या फडक्यानं पुसून काढा. दारात उजेडाला न्या, छातीवर बोट दाबून सोडा आणि तेवढ्या जागेचा जवळून फोटो टाका. लहान मुलांच्या मॅडम आत्ता इथंच आहेत, त्यांना दाखवते. पण जल्दी करा, त्या जातील नाहीतर."

मी पळतच घरी आले. कोमट पाण्यात धोतराचं मऊ फडकं भिजवलं आणि उंबऱ्यात बसून पोरीचं कपाळ, गाल, छाती पुसली. फडकं पिवळं झालं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! "बघ," लेकीला म्हटलं, "बघ ही हळद! मी काय म्हणत होते?" फडकं पिळलं, पाणी बदललं, परत पुसलं. या वेळी फडकं पांढरंच राहिलं. तिसऱ्यांदा पुसलं. फडकं पांढरं, आणि पोरगी तशीच पिवळी.

लेक माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

"मुरली आसंल अंगात," म्हातारी म्हणाली. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. लेकीनं पोरीच्या छातीवर बोट दाबलं, सोडलं, आणि तिथला पिवळा डाग मी फोटोत धरला. पहिला हलला, म्हणून दोनदा काढावा लागला.

ओट्यावर आले तर लाईट गेलेली. लाईट गेली की वायफायचा डबा बंद. त्याच्या इन्व्हर्टरची बॅटरी कधीच मेली होती, आणि फुकटचं म्हणून कुणी कधी बोललंही नव्हतं. मी फोन वर धरला, खाली धरला, भिंतीला लावला. फोटोखाली ते घड्याळाचं चिन्ह तसंच. मुडदा बशिवला त्या लाईटीचा! ओट्यावर बसलेल्यांना म्हटलं, "कुणाच्या फोनात नेट हाय का? लेकराचा फोटो पाठवायचाय दवाखान्यात." सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. एकाचाही प्याक नव्हता. कशाला असेल? सगळे माझ्यासारखेच शहाणे.

शेजारीच रिचार्जचं दुकान. "माझ्या फोनात नेटचा प्याक मार, आत्ता," मी म्हटलं. दुकानदार डोकं खाजवायला लागला. म्हणाला, "काकू, रिचार्ज मारायलाबी नेट लागतंय, आन् म्या पंचायतीचंच वापरतो." मला रडावं का त्याच्या डोक्यात काही घालावं, कळेना. जावयांना फोन लावला, तिकडून रिचार्ज मारतील म्हणून. नुसती रिंग वाजत राहिली. कंपनीत फोन गेटवरच ठेवून घेतात, हे मला नंतर आठवलं. तेवढ्यात सिस्टरचा फोन, "मावशी, फोटो कुठंय? मॅडम निघाल्यात." मी म्हटलं, "आलाच, आलाच," आणि कसा येणार ते मला माहीत नव्हतं. मी भ्याले होते. घरी जाऊन लेकीला काय सांगू, हीच भीती जास्त.

मग समोर एसटी येऊन थांबली. धाराशिवला जाणारी. मी विचारच केला नाही, चढले आणि दारातच उभी राहून ओरडले, "कुणाच्या फोनात नेट हाय का हो? माझ्या नातीचा फोटो जाईना!"

पुढच्या बाकांवरच्यांनी नकाराच्या माना हलवल्या. मग मागच्या बाकावरून एक बांगडीवाले चाचा म्हणाले, "माझ्यात हाय ताई. पोरानं मारून दिलंय, मी कुठं वापरतो? पण ते द्यायचं कसं, ते काय मला येत न्हाय." म्हटलं, "मला येतंय." त्यांनी फोन माझ्या हातात दिला, पेट्या सांभाळत बाजूला सरकले. मी त्यांचा हॉटस्पॉट चालू केला, माझ्या फोनात नाव शोधलं, पासवर्ड घातला. बोट दोनदा चुकलं. कंडक्टर म्हणाले, "मावशी, बसता का उतरता?" मी म्हटलं, "थांबा की बाबा जरा!" ते थांबले. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं आणि गाडी बंद केली. सगळी एसटी माझ्या फोनाकडं बघत होती.

घड्याळ गेलं. एक खूण आली. दुसरी आली. मग दोन्ही निळ्या झाल्या आणि मी फोन हातात धरून नुसती उभी राहिले. चाचा हळूच म्हणाले, "गेला न्हवं?" "गेला," मी म्हटलं. फोन वाजला. या वेळी सिस्टर नव्हत्या, जाता जाता थांबलेल्या मॅडमच बोलत होत्या.

"आजी, बाळाला घेऊन या. आत्ताच्या आत्ता. संध्याकाळपर्यंत थांबू नका."

"मॅडम, कावीळ हाय का?"

"या तुम्ही. रक्त तपासू. वाटेत पाजायचा प्रयत्न करत राहा, झोपू देऊ नका."

मी कंडक्टरांना म्हटलं, "माझी बाळंतीण आणते. गाडी हलवू नका, हात जोडते." ते म्हणाले, "पळा मावशी, मी हाय हितं." तेवढ्या वेळात एकाही माणसानं उशीर होतोय म्हणून तोंड वाकडं केलं नाही. घरी जाऊन लेकीला एवढंच म्हटलं, "चल." तिनं का म्हणून विचारलं नाही. कानाला स्कार्फ बांधला, पोरीला दुपट्यात घेतलं आणि निघाली. म्हातारी दारात म्हणाली, "अगं, वारं लागंल!" मी म्हटलं, "लागू दे!" जन्मात मी त्या म्हातारीला उलटून बोलले नव्हते.

चाचांनी आपली जागा दिली. वाटभर लेक पोरीला छातीशी धरून होती आणि मी दुपट्यात हात घालून तळवे चोळत होते. पोर डोळे उघडायची, वर कुठंतरी बघायची, मिटायची. "उठ गं माय," मी म्हणत होते, "उठ, जरा रड." लेकीनं एक शब्द काढला नाही. सकाळी मी तिला गप्प केलं होतं, ती तशीच गप्प होती. ती चिडली असती, मला चार शब्द बोलली असती, तर बरं झालं असतं. तेरणा नदीवरचा पूल कधी गेला मला कळलंही नाही.

दवाखान्यात पोरीच्या टाचेतून रक्त घेतलं तेव्हा ती जराशीच कण्हली. मॅडमनी रिपोर्ट बघून सांगितलं की आकडा फार वाढलाय, आणखी वाढला तर रक्त बदलावं लागेल, कारण ही कावीळ मेंदूत गेली तर पोर बहिरी होऊ शकते, त्याहून वाईटही होऊ शकतं. लेकीनं माझा दंड धरला. पोरीला उघडी करून निळ्या दिव्याखाली ठेवली, डोळ्यांवर पट्टी बांधली. त्या उजेडात ती पिवळीही दिसेना आणि आपलीही वाटेना. मॅडम म्हणाल्या, "दिवा त्याचं काम करेल. पण तिनं प्यायला पाहिजे. प्यायली की हे शरीरातून बाहेर पडतं. दर थोड्या वेळानं लावत राहा."

लेक लावत राहिली. पहिल्यांदा पोर प्यालीच नाही. सिस्टरनी वाटीत दूध काढून चमच्यानं पाजलं, त्यातलं निम्मं बाहेर आलं. दुसऱ्यांदाही तेच. मी भिंतीला टेकून येडेश्वरी देवीला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही. संध्याकाळ झाली. सिस्टरनी परत पोरीला दिव्याखालून काढली, पट्टी वर सरकवली आणि लेकीच्या मांडीवर दिली. लेकीनं तिचं तोंड छातीशी नेलं.  पोरीनं ओढलं, थांबली. मला वाटलं, झालं, परत झोपली. आणि मग ती ओढतच राहिली. गालाला खड्डे पडत होते, गिळल्याचा आवाज मला उभ्या जागी येत होता.

"आई," लेक म्हणाली, सकाळपासून पहिल्यांदा, "आई, वढायली गं."

मला तिच्याजवळ जाता येईना. मी तिथंच खाली बसले आणि वॉर्डातल्या सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं रडले.