पदावर असेपर्यंत

बहारीनमध्ये तुबलीच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम चालू असताना छताचा फिरता दिवा कोसळला आणि कपडेपट सांभाळणाऱ्या रत्नागिरीच्या भाभींचा खांदा मोडला. दिवा सैल आहे, फिरायला लागला की हलतो, लावू नका, असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तो लावायला मंडळाच्या अध्यक्षांनीच सांगितलं, अशी कुजबुज सुरू झाली. मी बँकेत ऑडिटला, म्हणून चौकशी माझ्या गळ्यात पडली.

मंडळाच्या नियमांप्रमाणे अध्यक्ष पदावर असेपर्यंत त्यांच्यावर आरोप ठेवता येत नव्हता. शिवाय त्यांनीच नेमलेले सचिव मला केव्हाही काढू शकत होते. तेव्हा टीव्हीवर अमेरिकेच्या अध्यक्षांच्या चौकशीच्या बातम्या असत.

"तिकडेही असंच," नवरा म्हणाला. "विशेष वकील तपास करतो, पण पदावरच्या अध्यक्षावर खटला भरत नाहीत."

तालमीला हजर असलेल्या प्रत्येकाला भेटले. "अध्यक्ष त्या दिवशी... हॉलवर आलेच नव्हते." सगळ्यांचे शब्द तेच, थांबायची जागाही तीच. शेवटी भाभींकडे गेले. हात गळ्यात बांधलेला. त्याही तिथेच थांबल्या आणि तेच बोलल्या, अगदी पुस्तकी मराठीत. एरवी त्या तसं कधी बोलत नसत.

अध्यक्षांना केवळ रीत म्हणून विचारलं.

"होतो की मी. दिवा मीच लावायला सांगितला."

"मग सगळ्यांना काय पढवलंत?"

"कुणाला काही नाही, ताई." त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "भाभींना म्हटलं, मी तुमच्यासमोर उभा होतो. त्या म्हणाल्या, तुम्ही आलाच नव्हता."

हे मी अहवालात लिहिलं. सचिवांनी तेवढंच काढून टाकलं. "तुम्हाला अपघात कसा झाला ते बघायला सांगितलंय. अध्यक्ष काय म्हणतात हे तुमच्या कक्षेबाहेरचं."

महिन्याभरात अध्यक्षांनी राजीनामा दिला. "आता पद नाही. आता ठेवा आरोप," ते सभेत उभं राहून म्हणाले. कुणी मान वर केली नाही. चौकशी अध्यक्षांची होती, आता ते अध्यक्षच नाहीत, तेव्हा खलास, असं सचिवांनी जाहीर केलं.

पुढे माजी अध्यक्ष बहारीन सोडून जाईपर्यंत भाभींना फिजिओथेरपीला स्वतःच्या गाडीतून नेत. मी त्यांना सिग्नलला पाहिलं होतं. ते पुढे, भाभी मागच्या सीटवर.

"हॉस्पिटलला कोण नेतं हो?" मी एकदा भाभींना विचारलं.

"मंडलाची गाडी येते ना."

"चालवतं कोण?"

भाभी माझ्याकडे बघत राहिल्या. प्रश्न त्यांना खरंच कळला नव्हता.