चाळीस अन् पंचवीस, चार हजार पंचवीस

मंडळी, आज आमच्या झरी गावात महादेवाच्या मंदिरात भंडारा होता. आवतनाचा आकडा सकाळी मी बनवलेल्या वेबपेजनं काढला. वरची गल्ली ४०, खालची गल्ली २५. बेरीज आली ४०२५!

आचारी अप्पा डाळीच्या पोत्याकडं बघतच राहिले.

जावास्क्रिप्टमध्ये typeof लावून बघितलं, तर दोन्ही आकडे 'string' निघाले. फॉर्ममध्ये भरलेला आकडा तिला मजकूर वाटतो, म्हणून तिनं ते नुसते चिकटवले. मजकुराचा आकडा करणारं Number() लावलं, ६५ आले. मी लय खुश.

अप्पा म्हणले, "पासष्ट माणसं का पासष्ट चुली?"

चुलीच होत्या! आवतन चूलबंद होतं, म्हणजे घरात चूल न पेटवता अख्खं घर जेवायला.

अप्पांनी घरटी माणसं धरून डाळ शिजवली, अन् दुपारी सगळे पोटभर जेवले. तुमी कोड कुणाला दाखवता? मी यापुढं आचाऱ्याला दाखवणार हाय.