देवाचा जेट आणि बशीचा जेट

बायकोच्या बसमागून सलग अकरा वर्षे मोटारसायकल चालवणारा नवरा उभ्या महाराष्ट्रात एकच झाला असेल, आणि ते माझे थोरले साडू. साडू हे नातेच मुळात विचित्र. दोन अनोळखी पुरुषांना दोन सख्ख्या बहिणी मिळाल्या, एवढ्याच भांडवलावर ते जन्मभर चालवायचे असते. त्यात मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतला शाळामास्तर, सायकलची चेन पडली तरी हातात धरून दुकान शोधणारा. आणि साडू कसबा बावड्याचे. घरी ऊस, दोन म्हशी आणि नोकरी शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकरची, म्हणजे लोखंडाचे जे काही ओतायचे असेल त्याचा आधी लाकडी नमुना करून द्यायचा. त्यांना लाकूड, लोखंड आणि पेट्रोल यांतले सगळे कळे आणि माणसांतले फारसे काही कळत नसे, असा माझा बरीच वर्षे समज होता. तो समज चुकीचा निघाला, म्हणून हे लिहायला बसलो.

या सगळ्याचे मूळ त्यांच्या लग्नात आहे. लग्नानंतर पाचव्या दिवशी नवी जोडी रिवाजाप्रमाणे जोतिबाच्या दर्शनाला निघाली. बाकीचे वऱ्हाड ट्रकमधून आणि हे दोघे मोटारसायकलवरून, कारण दोन सायलेन्सरची ती टू-स्ट्रोक गाडी साडूंनी महिन्यापूर्वीच घेतली होती आणि मिरवायची हौस दांडगी. केर्ली गाव मागे पडले, घाट लागला आणि दुसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, नव्या शालूत रस्त्यावर उतरली. नेमका तेव्हाच मागून ट्रक आला. ट्रकात तिचे भाऊ होते. "दाजी, वढायला बैलं लावून दिऊ काय?" असे विचारून ट्रक निघून गेला आणि त्यातले हसणे घाटभर ऐकू येत राहिले. उरलेला चढ अक्का चालत चढली आणि साडू गाडी ढकलत. वर पोचल्यावर कपाळाला गुलाल लावून घेताना अक्का सगळ्यांच्या देखत म्हणाली, "देवा, ही गाडी मला मधी न उतरवता तुझ्या पायरीपतूर आणंल, तवाच पुन्यांदा हिच्यावर बसीन." घरात रागाने बोललेला शब्द चार दिवसांनी विसरता येतो. देवापुढे बोललेला कसा विसरणार?

त्या दिवसापासून अक्का बसने फिरू लागली. दुसरा कोणी असता तर स्वतःच्या गाडीने पुढे निघून गेला असता. साडू गेले नाहीत. अक्का बसमध्ये चढून उजव्या बाजूच्या मागच्या खिडकीशी बसली की हे किक मारत आणि बसच्या मागे लागत. बस थांब्यावर थांबली की हेही थांबत, बस हलली की हेही हलत. अक्का खिडकीतून मागे बघे, हे मान हलवत, की सगळे ठीक आहे. घंटी देण्यापूर्वी मागे वाकून 'यांची गाडी चालू झाली का' हे बघणारा कंडक्टर मी स्वतः पाहिला आहे. एकदा मी म्हणालो, "अहो साडूभाऊ, सरळ पुढे येऊन आमच्याकडे चहा पीत बसत जा की." ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी बायको टाकून द्यायलाच सांगितले आहे. "पावणं, बाईमाणूस एकटं हाय बशीत," ते म्हणाले. चाळीस उतारूंमध्ये एकटं!

मात्र त्यांनी हाय खाल्ली नव्हती. गाडीचा दम कमी पडतो, तो वाढवायचा आणि अक्काला मानाने देवाच्या पायरीशी नेऊन उतरवायचे, एवढेच त्यांनी आयुष्याचे काम ठरवले होते. जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी मोठ्या सिलिंडरचा लाकडी नमुना कोरला. मालकांच्या परवानगीने पंपांच्या ओतकामात तोही ओतून घेतला, एका मित्राच्या लेथवर त्याची आतली पोकळी कातून घेतली आणि भंगारातल्या कुठल्याशा दांडग्या इंजिनाचा पिस्टन त्यात बसवला. एवढ्यात तीन वर्षे गेली. हे इंजिन पहिल्यांदा चालू झाले तेव्हा दावणीच्या दोन्ही म्हशींनी दोन दिवस दूध दिले नाही, असे अक्का सांगते. किक उलटी बसून साडूंचा पाय असा मुरगळला की ते कायमचे किंचित लंगडू लागले. पण ते लंगडणे ते मोठ्या अभिमानाने दाखवत. "बघा, ताकद बघा," म्हणत आणि चार पावले चालून दाखवत.

मोठ्या इंजिनाला पेट्रोलही जास्त लागते, आणि खरा वनवास तिथून सुरू झाला. कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा पितळेचा एवढासा तुकडा असतो. त्याच्या भोकातून पेट्रोल आत जाते. भोक लहान राहिले तर इंजिन तापून पिस्टन जाम होतो, मोठे झाले तर गाडी ठसका लागल्यासारखी खोकते. ते भोक केसाकेसाने वाढवायचे, तर तेवढे बारीक ड्रिल कोल्हापुरातल्या एकाही वर्कशॉपमध्ये नव्हते. ते सापडले गुजरीत, नथीचे मोती विंधणाऱ्या एका म्हाताऱ्या सोनारापाशी. सोनाराने चष्मा वर करून विचारले, "नथ कुणाची?" साडू म्हणाले, "गाडीची." तेव्हापासून दर महिन्या-दोन महिन्यांनी साडू गुजरीत जात आणि म्हातारा भोक केसभर वाढवून देई. जेट तो नथीच्याच डबीत गुलाबी कागदात गुंडाळून देत असे. एकदा अक्काला त्यांच्या खिशात ती डबी सापडली. तिने ती देवघरासमोर बसून, पदर सावरून उघडली आणि आतून पितळी तुकडा निघाला. पुढचे आठ दिवस साडूंनी चहा आपल्या हाताने करून घेतला.

अशा करामतींतून शेवटी दोन जेट ठरले. घाटात दोन माणसांना ओढून नेईल तो मोठ्या भोकाचा 'देवाचा जेट'. पण तो घातला की हळू चालताना गाडी खोकून बंद पडे, आणि बसच्या मागे तर हळूच चालावे लागे. म्हणून रोजच्यासाठी लहान भोकाचा 'बशीचा जेट'. दोन्ही शर्टाच्या एकाच खिशात असत आणि त्यांच्याबरोबर असे भुईमुगाची एक भाजलेली शेंग. शेंगेचे काम असे की, गाडी भरधाव नेऊन एकदम बंद करायची, प्लग काढायचा आणि त्याचा रंग बघायचा. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, काळा पडला तर जास्त, आणि भाजलेल्या शेंगेच्या टरफलासारखा आला तर इंजिन सुखात. एका रविवारी ते शर्ट खुंटीला लावून गाडीखाली शिरले असताना मी खिशातली शेंग सहज फोडून तोंडात टाकली. शेंग बघून आपला हात थांबतो का कधी? साडू बाहेर आले, खिसा चाचपला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "पावणं," ते म्हणाले, "नमुना खाल्लासा!" सहा महिन्यांपूर्वी अर्धे पोते पाखडून निवडलेली शेंग होती ती. मग नवा नमुना निवडायला उरलेले अर्धे पोते भाजावे लागले आणि नापास शेंगा मला खाव्या लागल्या. पुढचे दोन दिवस मी शाळेत जाऊ शकलो नाही.

आता प्रश्न वजनाचा. घाटात गाडी तपासायची तर मागच्या सीटवर अक्काच्या वजनाचे काहीतरी हवे, आणि अक्काला वजन विचारायची तर कोणाची टाप नव्हती. साडूंनी अंदाजाने गुळाच्या तीस-तीस किलोच्या दोन ढेपा सीटवर एकावर एक बांधल्या. गूळ सीटला चिकटू नये म्हणून त्यांना अक्काचे जुने हिरवे लुगडे गुंडाळले आणि दर गुरुवारी पाळी सुटल्यावर ते घाटात जाऊ लागले. उन्हाळ्यात गूळ पाघळून सायलेन्सरवर पडे आणि सगळ्या रस्त्याला गुऱ्हाळाचा वास सुटे. केर्लीच्या एका दूधवाल्या बाईने हे पाहिले आणि अक्काच्या कानावर घातले, "तुमचं मालक हिरव्या लुगड्यातल्या बाईला घिऊन डोंगराला जात्यात. बाई लई गरीब दिसती. हूं न्हाय का चूं न्हाय."

त्या दिवशी अक्का आमच्याकडे आली तेव्हा मी थांब्यावर उभा होतो. ती उतरली. मी सवयीने बसच्या मागे पाहिले. मागे कोणी नव्हते. इतक्या वर्षांत असे प्रथमच घडत होते. घरी येऊन अक्का माझ्या बायकोपाशी जी रडायला बसली ती थांबेना. तासाभराने फटफट आवाज आला. डोंगरावरून घरी गेल्यावर अक्का दिसली नाही म्हणून साडू तसेच आमच्याकडे आले होते, हिरव्या लुगड्यातल्या बाईसकट. अक्का बाहेर गेली, तिने लुगड्याचा पदर ओढला आणि गूळ बघून रस्त्यातच मटकन बसली. मग हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे पुन्हा वाहायला लागले आणि तेवढ्यात तिला मोजायचे सुचले. "दोन ढेपा? माझं वजन दोन ढेपा व्हय?" साडू घाईघाईने म्हणाले, "दीड! दीडच! वरची आर्धी आपली देवाची." पुढच्या गुरुवारपासून सीटवर दीडच ढेप असे. हत्यारांच्या पेटीत चार विटा असत, पण ते फक्त मला ठाऊक होते.

अकराव्या वर्षी एकदाचा प्लग शेंगेला जुळला आणि अक्काने रविवार ठरवला. मी आणि बायकोने बसने पुढे जायचे, पायरीशी ओवाळणीचे ताट घेऊन उभे राहायचे आणि त्यांनी अर्ध्या तासाने निघायचे, असे ठरले. पण आमची बस केर्लीत उतारू घेत इतकी रेंगाळली की घाटाच्या पायथ्याशी मागच्या काचेतून बघतो तो साडू येताना दिसले. मागे अक्का, नवे लुगडे, चेहऱ्यावर अकरा वर्षांची धाकधूक. गाडीला देवाचा जेट होता आणि ती जोरात होती. आता बसला मागे टाकून हे सूं करून वर जाणार म्हणून मी टाळी वाजवायला हात उचलले.

साडूंनी बस पाहिली आणि गाडी हळू करून बसच्या मागे लावली. नेहमीचे अंतर, नेहमीचा वेग. चेहऱ्यावरही तेच समाधान. अकरा वर्षांत त्यांनी बसला कधी ओलांडलेच नव्हते, तर आता कसे सुचावे? आमची बस पहिल्या गिअरमध्ये कण्हत निघाली होती. मागे देवाच्या जेटला ती चाल सोसेना, गाडी खोकायला लागली. एक ठसका, दुसरा ठसका. समोर दुसरे वळण आले, तेच वळण. मी खिडकीतून डोके काढून ओरडलो, "पुढे काढा! पुढे काढा!" साडूंनी सवयीने मान हलवली, की सगळे ठीक आहे. गाडीने आणखी एक आचका दिला आणि आता ती गेलीच असे वाटले, तेव्हा अक्काने त्यांच्या पाठीत असा गुद्दा हाणला की तो मला ऐकू आला. "अवो! कुनाच्या मागं चाललाईसा? मी हितं हाय, तुमच्या पाठीला! बशीत न्हाय!"

साडूंनी बसकडे पाहिले. मान वळवून अक्काकडे पाहिले. पुन्हा बसकडे पाहिले. मग त्यांनी मूठ पिळली. गाडीने घसा खाकरला आणि काचा थरथरवत आमच्या शेजारून अशी निघून गेली की आमचा ड्रायव्हरसुद्धा "आयला!" म्हणाला. बसमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला कबूल करायला लाज वाटत नाही, मी रडत होतो. आम्ही वर पोचलो तेव्हा अक्का पायरीवर उभी होती, गुलालाने माखलेली, आणि साडू खाली बसून प्लग काढत होते. त्यांनी प्लग शेंगेजवळ धरला. रंगात तिळाइतका फरक नव्हता. मग ती शेंग त्यांनी अक्काच्या हातावर ठेवली. "खा आता," ते म्हणाले, "नमुन्याचं काम झालं." अक्काने ती कपाळाला लावून प्रसादासारखी खाल्ली.

पुढचे तीन रविवार दोघे जोडीने गाडीवरून आमच्याकडे आले. चौथ्या रविवारी बस आली, अक्का उतरली आणि बसच्या मागे फटफट करत साडू. मी घाबरलो. "काय झाले? गाडी बिघडली?"

"गाडीला काय धाड भरलीया? झ्याक हाय," अक्का म्हणाली. मग नजर चुकवून म्हणाली, "पावणं, बशीत बसलं की खिडकीतनं ह्यांचं त्वांड दिसतंय. गाडीवर बसलं की निस्ती पाठ. मला त्वांड बघायची सवय झालीया."

साडूंनी हे ऐकले. ते खाली बसून कार्बोरेटर पुसू लागले. बशीचा जेट त्यांनी सकाळीच घालून ठेवला होता.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. साडूंचा गुडघा किक मारू देत नाही आणि गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. दोघे बसनेच येतात, शेजारी शेजारी बसून, आणि खिडकीची जागा अक्का त्यांना देते. उतरल्यावर साडू एकदा बसच्या मागे बघतात. मीही बघतो. तिथे एखादी रिक्षा असते, नाहीतर नुसता रस्ता. मग आम्ही तिघे साडूंच्या चालीने हळूहळू घरी येतो, अक्का पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढते आणि साडू पहिली शेंग उजेडाकडे धरून नीट निरखतात आणि मगच फोडतात.