अप्पांचा आवाज आणि चार प्लेअर

गेल्या महिन्यात बायको उदगीरला बहिणीकडं चार दिवस राहून आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "दाजींच्या कॉम्प्युटरवर अप्पांचं भजन ऐकलं. जवळ बसल्यासारखे वाटले."

मी पंख्याचा वेग वाढवला…

अप्पा म्हणजे माझे सासरे. दर सोमवारी त्यांचं शिवभजन असे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या कॅसेट नांदेडला आणून, एकेक साफ करून कॉम्प्युटरवर उतरवल्या त्या मी. पेन ड्राइव्ह भरून उदगीरला साडूंना दिला तोही मी. आणि अप्पा जवळ येऊन बसले ते साडूंच्या.

साडूंचं मोंढ्यात आडतीचं दुकान आहे. कॉम्प्युटर आहे तो धान्याचे भाव बघायला. माझ्याकडं निवडून घेतलेले स्पीकर आहेत. फाइल दोन्हीकडं तीच. म्हणजे फरक प्लेअरचा… असं मी ठरवलं.

पंधरा दिवस प्लेअर शोधले. एका फोरमवर कुणीतरी लिहिलं होतं की कॉम्प्युटर सगळे आवाज आधी एकत्र कालवतो, त्यात गाणं मळतं. थेट साउंड कार्डाकडं पाठवणारा प्लेअर हवा. तसा एक घेतला. दुसऱ्याचा इक्वलायझर चांगला होता. तिसरा दबलेले आवाज आपोआप वर उचलायचा. चौथा दिसायला इतका साधा होता की तो चांगलाच असणार असं वाटलं.

प्रत्येक वेळी बायकोला बोलावलं. ती ऐकायची आणि "चांगलंय" म्हणायची. नातेवाइकांच्या घरचा नवा रंग बघून म्हणतात तसं…

एकदा म्हणाली, "गर्दी वाटते."

"कसली?"

"माणसांची. अप्पा मागं बसलेत."

शेवटी मी उदगीरला गेलो. डाळ आणायचं निमित्त केलं. डाळ नांदेडातही मिळते हे बायकोला माहीत आहे. तिनं पिशवी काढून दिली.

साडू दुकानातच होते. चहा झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भजन कोणत्या सॉफ्टवेअरवर लावता?"

"सॉफ्टवेअर कशाचं, सर? कॉम्प्युटरात आलतं तेच हाय. अप्पाच्या नावावर दाबतो, अप्पा म्हणायला लागतेत."

त्यांनी दाबलं. तुरीच्या पोत्यांमधून अप्पा म्हणायला लागले. ओळ संपताना घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. बायको खोटं बोलली नव्हती… मला ती खोटं बोलली असती तर बरं वाटलं असतं.

स्पीकर जुने, कोणत्यातरी कंपनीचे. मी वाकून डाव्याला कान लावला, मग उजव्याला.

"सर, अप्पा कानात सांगायलेत का काय?" साडू हसले.

उजवा स्पीकर बंद होता. पूर्ण बंद.

मग लक्षात आलं. भजनाला माणसं समोरासमोर दोन ओळींत बसतात. एका ओळीत अप्पा. त्यांनी म्हटलेली ओळ समोरचे उचलून धरतात, त्याला झील म्हणतात. रेकॉर्डर मधोमध ठेवलेला असायचा. त्याच्या डाव्या माइकला अप्पा मिळाले, उजव्याला झील. साडूंकडं वाजत होता तो फक्त डावा. झील येत होती, पण शेजारच्या गल्लीतून आल्यासारखी. आणि मी घरी चार प्लेअर लावून अप्पांच्या अंगावर सगळी झील चढवत होतो.

साडू म्हणाले, "मी बी असायचो की समोर. लई जोरात वढायचो. पर मशीननं मला धरलंच न्हाई. अप्पाच्या म्होरं आपल्याला कशाला धरील म्हणा."

मी म्हणालो, "डाळ बांधून द्या दोन किलो."

एवढंच म्हणालो…

घरी येऊन बॅलन्स पूर्ण डावीकडं सरकवला. त्याला कोणताही प्लेअर चालतो. बायको खुर्ची सोडून खाली बसली. भजन संपल्यावर म्हणाली, "आता आले." मग विचारलं, "कोणतं सॉफ्टवेअर टाकलं?" मी चारांपैकी एकाचं नाव सांगितलं.

तिनं उदगीरला फोन करून बहिणीलाही ते नाव सांगितलं. मी शेजारी बसून ऐकलं. सुख झालं, हे लपवत नाही.

परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. मी बॅलन्स उजवीकडं नेला. अप्पा दूर गेले आणि साडू समोर आले… तरुण, जाड आवाज, वरच्या पट्टीत थोडा फाटणारा. इतर झीलकऱ्यांच्या आधी ते सुरू करतात. मला वाटलं, घाई. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा कळलं. जिथं अप्पांचा दम संपतो, बरोबर तिथं ते ओळ उचलतात. अप्पांना तेव्हापासूनच दम्याचा त्रास होता. ज्या श्वासामुळं माझी बायको खाली बसली, तो श्वास घ्यायला जागा ह्या माणसानं करून दिलेली होती. दर सोमवारी.

मला अप्पांसमोर कधी बसता आलं नाही. मी त्यांच्या फक्त कॅसेट साफ केल्या. पुन्हा जळलो… ह्या वेळी जळण्यासारखं खरंच काहीतरी होतं.

फोन हातात घेतला आणि ठेवला. आधी गप्प का राहिलो, हे फोनवर सांगता आलं नसतं. म्हणून इथं लिहितो, सगळ्यांसमोर.

साडूभाऊ, तुमचा उजवा स्पीकर बंद आहे. वायर बघून घ्या. मशीननं तुम्हाला धरलंय.